नेपाळ वायरलेस नेटवर्किंग प्रकल्प

पश्चिम नेपाळमधील दुर्गम डोंगरी खेड्यांना वाय-फायच्या आधारे स्वस्तात इंटरनेट पुरवणारा, गावकरी व स्वयंसेवकांनी उभारलेला प्रकल्प. प्रवर्तक महाबीर पुन. सुरुवात म्याग्दी जिल्ह्यातील नांगी या त्यांच्या गावी, २००२ च्या सुमारास.

अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठात शिकून पुन गावी परतले आणि तिथली शाळा उभी करण्याच्या कामाला लागले. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून चार वापरलेले संगणक आले. पुढे पुन यांनी सुटे भाग जमवून लाकडी खोक्यांत आणखी संगणक जुळवले. वीज ओढ्यावरच्या छोट्या जनित्रांची. गावात फोन मात्र नव्हता आणि मोटाररस्ता कित्येक तासांच्या चढणीखाली होता. २००१ मध्ये त्यांनी बीबीसीला पत्र लिहून ही अडचण मांडली. ती हकीकत प्रसिद्ध होताच युरोप-अमेरिकेतील जाणकार मदतीला धावले.

वाय-फाय मुळात घरात, कचेरीत वापरण्याची सोय. साधा अँटेना लहरी चहूकडे पसरवतो. डिश जोडली की त्या एका दिशेला एकवटतात आणि मधे आडोसा नसेल तर कित्येक किलोमीटर जातात. नांगीतून पोखरा शहर थेट दिसत नाही, म्हणून डोंगरधारेवर रिले केंद्र उभारून तिथून पुढे पोखऱ्याशी जोडणी केली. सुरुवातीला टीव्हीच्या डिश चक्क झाडांवर बांधल्या, त्यामुळे मनोऱ्याचा खर्च वाचला. रिले केंद्राच्या बॅटऱ्या ऊन आणि वाऱ्यावर चार्ज होत.

हा काळ माओवादी संघर्षाचा. बिनतारी सामग्रीवर कडक निर्बंध असल्याने काही उपकरणे गुपचूप आणावी लागली. २००६ मध्ये सरकारने वाय-फायच्या लहरींवरील परवान्याची अट काढली आणि जाळे उघडपणे वाढू लागले; पुढे शंभराहून अधिक गावे जोडली गेली. गावचा आरोग्यसेवक शहरातील डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागला, एका शाळेतला शिक्षक दुसऱ्या शाळेतल्या मुलांना शिकवू लागला, म्हशी, मध आणि जॅमची खरेदी-विक्रीही होऊ लागली. पुन यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

स्वस्त यंत्रांइतकेच श्रेय देखभालीला द्यायला हवे. डोंगरमाथ्यावरची बॅटरी बसली, तर शहरातून माणूस येईपर्यंत अख्खी साखळी तुटते. म्हणून दुरुस्ती गावातल्याच तरुणांना शिकवली गेली. अनेक सरकारी योजना नेमक्या इथेच अडतात.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने खेड्यांना इंटरनेट पुरवण्याच्या याच प्रश्नाला निराळ्या वाटेने हात घातला. तिथे दाट झाडी वाय-फायच्या लहरी शोषून घेते. त्यामुळे अभय करंदीकर यांच्या गटाने टीव्ही प्रक्षेपणासाठी राखीव, पण रिकाम्या पडलेल्या लहरी वापरून पाहिल्या. त्या झाडीतून बऱ्यापैकी पार होतात. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.