लॉऱ्या कपडे घेऊन गेल्या, मुलं घेऊन आल्या

पळसदरीत बसून पोलंडविषयी बोलायचं म्हणजे जरा लांबचा पल्ला झाला, असं तुम्हाला वाटेल. पण आजची गोष्ट मुंबईत सुरू होते आणि कोल्हापुरात जाऊन थांबते, म्हणजे आपण मधल्या वाटेवरच बसलो आहोत. आणि १९४२ साली आपल्या या डोंगरात काय चाललं होतं, तेही तिच्याजवळ ठेवून बघायचं आहे.

विषय युद्धातल्या मुलांसाठी जमवलेल्या कपड्यांचा. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला, १७ तारखेला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० आणि ४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेली. पुढे जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच चाल केली, स्टालिनला पोलिश सरकारशी करार करावा लागला आणि ही माणसं सुटली. सुटली म्हणजे काय, छावणीचं दार उघडलं एवढंच. खायला नाही, अंगावर चिंध्या. दक्षिणेकडे येताना टायफस आणि भुकेने आईबाप गेले, मुलं मागे उरली.

तेव्हा मुंबईत पोलंडचे कौन्सल जनरल होते बानासिन्स्की. त्यांच्या पत्नी कीरा पोलिश रेडक्रॉसचं काम बघत. आपण त्यांना कीराबाई म्हणू या. कपडे, औषधं, खाण्याच्या वस्तू असं सामान जमवून ते लॉऱ्यांतून अश्काबादला, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात, पाठवण्यात आलं. बर्फातले डोंगरी रस्ते, इराणचं वाळवंट. सामान उतरलं आणि परतीच्या वाटेला त्याच लॉऱ्यांत अनाथ मुलं बसवली. मशहद, झाहिदान, क्वेटा असं करत एप्रिल १९४२ मध्ये दीडशेहून अधिक मुलं मुंबईत वांद्र्याला पोचली.

मला या सगळ्या इतिहासातली हीच जागा फार महत्त्वाची वाटते. कपड्यांचं गाठोडं पाठवलं की देणाऱ्याचं काम संपतं. मूल दारात आलं की ते सुरू होतं. त्याला राहायला जागा कोण देणार? रोजचा खर्च कुणी करायचा? नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले, त्यांनी जामनगरजवळ बालाचडीला मुलांसाठी छावणी उभी केली. खर्चासाठी फंड काढला, त्यात संस्थानिकांनी आणि टाटांनी पैसे घातले. त्यांच्या नावाचा चौक आज वॉर्सात आहे.

मोठा लोंढा आला तो मात्र इराणमार्गे. कास्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरलं की पहिलं काम काय, तर अंगावरचे कपडे काढून जाळून टाकायचे. उवांमधून टायफस पसरत होता ना! डोकी भादरायची, अंघोळ घालायची, मग दान आलेले कपडे द्यायचे. विचार करा, घरून आणलेलं शेवटचं काही त्या मुलाजवळ उरलं असेल तर तो अंगावरचा सदराच, आणि तोही आगीत गेला. दानाच्या कपड्यांकडे आपण उपकार म्हणून बघतो. त्या मुलाकडे दुसरं काहीच नव्हतं.

इराणातून यांतले बरेच जण समुद्रमार्गे कराचीला आले आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहू लागली, बहुतेक बायका आणि मुलं. खर्च लंडनमधलं पोलिश सरकार करत होतं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउट, सगळं तिथे होतं. मदतीच्या याद्यांत खेळणी नेहमी शेवटी येतात. इथे मात्र मुलांना पुन्हा खेळता यावं याची व्यवस्था मोठ्यांनी आधीपासून केलेली दिसते.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. खोपोलीला १९१५ पासून टाटांची वीज तयार होत होती, ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना जायची. त्या गिरण्यांचं कापड तेव्हा मोठ्या प्रमाणावर लष्कराकडे चाललेलं. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता हेच विजेचे मनोरे पाडत होते. त्याआधी कोतवालांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली होती, म्हणजे जमवाजमव इथेही चालू होती, फक्त धान्याची. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. कापडाची टंचाई एवढी की सरकारला कापडावर नियंत्रण आणावं लागलं.

काही जण विचारतात, आपलीच माणसं उघडी असताना परक्यांना कपडे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बंगालचं धान्य पोलिश पोरांनी खाल्लं नव्हतं. हिशेब मागायचा तर तो दिल्लीतल्या आणि लंडनमधल्या सरकारकडे. तसंच, या पाहुणचाराची फुशारकी मारताना आपण तेव्हा स्वतंत्र नव्हतो हे विसरू नये. परवानगी इंग्रजांची होती, जमीन संस्थानाची.

१९४८ पर्यंत वळिवडे रिकामं झालं. बरेच जण मायदेशी गेलेच नाहीत. त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत होती. कुणी इंग्लंडला गेलं, कुणी आणखी लांब. कीराबाई भारतातच राहिल्या. रिकाम्या बराकींत फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्या वस्तीचं गांधीनगर झालं. कोल्हापूरकडच्या कुणालाही विचारा, गांधीनगर म्हटलं की काय आठवतं? घाऊक कापडाची बाजारपेठ. लांबलांबचे दुकानदार आज तिथे कपडा भरायला जातात.