विषाणूंची नावे आणि गावांची नावे

गावाचे नाव हा त्या वस्तीचा एक जुना लेखच असतो. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव ह्या नावात एक वृक्ष आणि एक व्यवसाय अशी दोन्ही टिकून राहिली आहेत. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ असल्यामुळे ‘कुंभार’ हे पद त्या गावाला इतरांपासून वेगळे करते. अशी नावे गावकऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली असतात. १९६५ नंतर मात्र नागपूर परिसरातील चांदीपुरा ह्या गावाचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत गेले, ते वस्तीचे नाव म्हणून नव्हे, तर एका विषाणूचे नाव म्हणून. रोगाचे नाव काय दाखवते आणि काय झाकते, हा प्रश्न ह्या घटनेतून उभा राहतो.

मराठीतील जुनी रोगनामे लक्षणांवरून किंवा श्रद्धेवरून पडलेली आहेत. ‘देवी’ हे नाव रोगाचा संबंध देवतेच्या कोपाशी व कृपेशी जोडते. तो एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, ह्याविषयी ते काहीच सांगत नाही. ‘विषाणू’ हा शब्द अर्वाचीन आहे. लॅटिन भाषेतील मूळ शब्दाचा अर्थही विष असाच असल्याने ‘विष’ आणि ‘अणू’ ह्यांची ही जोडणी यथार्थ ठरते. परंतु साध्या सूक्ष्मदर्शकाने न दिसणाऱ्या ह्या पदार्थाचे अस्तित्व सिद्ध करण्यास शब्द पुरेसा नव्हता. त्यासाठी साधने हवी होती.

ही साधने महाराष्ट्रात एकत्र आली ती १९५२ साली पुण्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांच्या सहकार्याने तेथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते. त्या काळी विषाणू शोधण्याचे मुख्य साधन म्हणजे उंदरांची दूधपिती पिल्ले. रुग्णाचे रक्त किंवा कीटकांचा अर्क त्यांच्या मेंदूत टोचावयाचा, पिल्ले आजारी पडल्यास त्यांच्या मेंदूतून विषाणू मिळवावयाचा आणि ज्ञात प्रतिपिंडांशी ताडून त्याची जात ठरवावयाची, अशी ती पद्धती होती.

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या संशोधकांनी त्या विषाणूचा छडा लावला. ग्रंथांत त्या रोगाला अरण्याचे नाव मिळाले. कन्नड लोकांनी त्याला ‘मंगन कायिले’ म्हटले. २०१६ मध्ये तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात फैलावला, तेव्हा मराठीत ‘माकडताप’ हाच शब्द रूढ झाला. मेलेले माकड ही धोक्याची खूण असल्याने हे नाव उपयुक्त आहे. परंतु माणसाला विषाणू पोचवते ती गोचीड, आणि तिचा उल्लेख नावात कोठेही नाही.

चांदीपुऱ्याची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. १९६५ साली नागपूर भागात तापाच्या साथीचा तपास चालू असता दोन रुग्णांच्या रक्तातून हा नवा विषाणू वेगळा करण्यात आला; भट्ट आणि रॉड्रिग्ज ह्यांनी १९६७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा दिसतो व अलर्काच्या विषाणूच्या कुलात मोडतो. १९७० साली धांडा, रॉड्रिग्ज व घोष ह्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेतील वाळूमाश्यांतून तोच विषाणू मिळविल्याचे प्रसिद्ध केले. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी ह्या जिल्ह्यांचे भाग घेऊन झाला, हे लक्षात घेता मराठवाड्याला हा विषय परका नाही. वाळूमाशी डासाहून लहान असून भिंतींच्या भेगांत व ओलसर मातीत आसरा घेते.

ह्या नावाचा परतीचा प्रवासही लक्षणीय आहे. रोमन लिपीत ‘अ’ आणि ‘आ’, ‘द’ आणि ‘ड’ ह्यांतील भेद उमटत नाहीत. परिणामी मराठी मजकुरात तेच नाव कधी चांदीपुरा, तर कधी चंडीपुरा असे छापले जाते. स्वतःच्या मुलखातील गावाचे नाव परक्या लिपीतून वाचण्याची वेळ मराठीवर आली.

साधनांचा इतिहास पुढे सरकला तोही पुण्यातूनच. १९६७ साली के. आर. पी. सिंह ह्यांनी तेथे एडिस जातीच्या डासांच्या पेशी काचपात्रात सतत वाढत्या ठेवण्यात यश मिळविले. त्यांपैकी एका पेशीवंशापासून १९७८ साली जपानी संशोधक इगाराशी ह्यांनी निवडलेला सी ६/३६ हा उपवंश डेंगीसारख्या विषाणूंच्या शोधासाठी जगभर वापरला जातो. डासाच्या पेशी अशा रीतीने साधन ठरल्या, तरी लोकभाषेत डासाचे महत्त्व पोचलेच असे नाही. आफ्रिकेतील मकोंडे भाषेत ‘वाकवून टाकणारा’ अशा अर्थाचा ‘चिकुनगुन्या’ हा शब्द मराठीत ‘चिकनगुनिया’ झाला आणि कोंबडीशी नसलेला संबंध सुचवू लागला. १९७३ साली बार्शी येथे त्या रोगाची साथ आली होती; २००५-०६ मध्ये तो पुन्हा फैलावला.

नावाची किंमत किती असू शकते, हे २००३ साली दिसले. आंध्र प्रदेशातील मेंदूज्वराच्या साथीत ३२९ बालकांपैकी १८३ दगावली आणि पुण्याच्या संस्थेने त्या साथीमागे चांदीपुरा विषाणू असल्याचे दाखविले. अडतीस वर्षे साध्या तापाशी जोडलेले नाव त्या उन्हाळ्याअखेर बालमृत्यूचे नाव झाले. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१५ मध्ये नव्या रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत असे सुचविले, त्यामागे अशा नावांनी त्या स्थळांवर व तेथील लोकांवर लागणारा कलंक हे एक कारण होते.

तथापि गावाचे नाव टाळल्याने अर्धेच काम होते. माकडतापात गोचीड, चिकनगुनियात डास आणि चांदीपुऱ्यात वाळूमाशी झाकलेलीच राहते. कुंभार पिंपळगावसारख्या गावातील आईला मात्र नेमकी तीच ओळखता आली पाहिजे. प्रयोगशाळेने साठ-सत्तर वर्षांत जे पाहिले, ते नावात उतरत नसेल तर नावाशेजारच्या वाक्यात तरी उतरावे, आणि ते वाक्य मराठीत असावे, हेच ह्या इतिहासाचे सार होय.