गुरुवारची मैफल

आपल्या पिढीतल्या कुणालाही आकाशवाणीची सकाळची धून आठवते का, असे विचारून पाहा. तो उत्तर देणार नाही, गुणगुणून दाखवील. पहिली सभा सुरू होण्याआधी तंबोऱ्याच्या साथीने वाजणारे ते व्हायोलिन ऐकत गिरगावातल्या चाळींत स्टोव्ह पेटत, नळावर बादल्या लागत आणि आपण दप्तर शोधत असू. शिवरंजनी रागाची छाया असलेल्या त्या धूनचे श्रेय वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराला दिले जाते, हे आता बऱ्याच जणांनी वाचलेले असते. याच माणसाने मुंबईत दर गुरुवारी एक मैफल सुरू केली होती, ही गोष्ट मात्र त्या धूनच्या मागे झाकून गेली आहे. स्मरणिकेसाठी मुंबईच्या इतिहासावर काही लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मला ती मैफलच आठवली.

पाश्चात्त्य संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साठ-सत्तर वादकांचा ताफा आणि छडी हलवणारा संचालक येतो. पण त्यांच्याकडेही बैठकीचे संगीत आहे. तीन, चार, फार तर आठ वादक, लहानसे दालन आणि हाताच्या अंतरावर बसलेले श्रोते. याला कक्षसंगीत म्हणतात. संचालक नसतो. प्रत्येकाच्या वाट्याला वेगळी ओळ असते. ती वाजवताना बाकीच्यांकडे कान ठेवावा लागतो. दोन व्हायोलिने, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चौघांसाठी हायडन, मोझार्ट, बीथोव्हेन यांनी आपले काही उत्तम संगीत लिहिले. इथे एकाची चूक दुसऱ्याच्या आवाजात लपत नाही. आपल्या बैठकीला बसलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कॉफमन 1907 साली कार्ल्सबाद इथे जन्मले. बर्लिन आणि प्राग इथे त्यांचे शिक्षण झाले. प्रागच्या जर्मन विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी अभ्यास केला. पण परीक्षक प्राध्यापक नाझी संघटनेतला आहे हे कळल्यावर त्यांनी ती पदवी घ्यायचे नाकारले. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना जर्मनीत काम मिळेनासे झाले. 1934 मध्ये ते बोटीने मुंबईला आले. इथला व्हिसा सहज मिळत होता, एवढेच इथे येण्याचे कारण होते. परतीचे तिकीटही काढलेले होते. मुक्काम मात्र बारा वर्षांचा झाला.

आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ स्थापन केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात कार्यक्रम होऊ लागला. पियानोवर स्वतः कॉफमन, चेलोवर एदिजिओ व्हर्गा नावाचे इटालियन वादक आणि व्हायोलिनवर मेहली मेहता हे मुंबईचे पारशी तरुण. एक पाहुणा चेक देशातला, एक इटलीतला आणि यजमान मुंबईचा. वर्षातून एखादा जलसा करणे सोपे असते. आठवड्याला एक कार्यक्रम म्हणजे दर आठवड्याला नवी तालीम आणि नव्याने जमवलेले श्रोते. तरीही 1937 पर्यंत या सोसायटीचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले होते.

या मैफलीच्या निमित्ताने मुंबईत राहिलेल्या कॉफमन यांना इथले संगीत पहिल्यांदा ऐकले तेव्हा अजिबात उमगले नव्हते. अशा वेळी परका माणूस सहसा ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पाठ फिरवतो. कॉफमन यांनी उलटा विचार केला. इतक्या लोकांना जे इतके प्रिय आहे, त्यात काहीतरी असणारच. कमी आपल्या कानात आहे. ते ऐकत राहिले, रागांची टिपणे काढत राहिले. 1937 ते 1946 या काळात ते मुंबई आकाशवाणीवर युरोपीय संगीताचे प्रमुख होते. वॉर्डन रोडजवळच्या ‘रेवा हाउस’मध्ये राहून त्यांनी पियानोसाठी, व्हायोलिनसाठी, चार वादकांच्या संचासाठी रचना केल्या, आणि त्यांत भारतीय सुरावटी मिसळू लागल्या.

त्याच वर्षांत याच शहरात दुसरा एक मोठा पाहुणा राहत होता. राजस्थानातून निघून, कोल्हापूर दरबारी शाहू महाराजांच्या पदरी राहून उस्ताद अल्लादिया खाँ उतारवयात मुंबईला आले होते. गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांना त्यांची तालीम मिळाली. 1946 मध्ये खाँसाहेब मुंबईतच वारले. त्याच वर्षी कॉफमन यांनी मुंबई सोडली. या दोघांची भेट झाली असो वा नसो, आपल्या शहराचे संगीत बाहेरून आलेल्या माणसांनी आणि त्यांच्यासमोर शिकायला बसलेल्या माणसांनी घडवले, एवढे यातून दिसते.

यजमानाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि 1940 मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभे केले. या चौघांची तालीम मेहतांच्या घरातच चाले आणि घरातला एक मुलगा ती ऐकत मोठा होत होता. 1936 साली जन्मलेला तो मुलगा म्हणजे झुबिन मेहता. अठराव्या वर्षी तो व्हिएन्नाला शिकायला गेला आणि पुढे जगातल्या मोठमोठ्या वाद्यवृंदांचा संचालक झाला. 1952 मध्ये यहुदी मेन्युहिन पाहुणे कलाकार म्हणून मुंबईत आले, तेव्हा त्यांना साथ करायला इथे वाद्यवृंद होता, कारण सतरा वर्षे कुणीतरी तो तालमी घेऊन जिवंत ठेवला होता.

या वाद्यवृंदांच्या खुर्च्यांवर गोव्याची माणसे मोठ्या संख्येने होती. चर्चच्या शाळेत सूरलेखन शिकलेली ही मुले पोटासाठी मुंबईला येत, हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओंत वाजवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 1958 मध्ये गोन्साल्विस यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा करून सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात भारतीय रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. आपण गल्लीत ज्या गाण्यांवर माना डोलावल्या, त्यांतल्या व्हायोलिनांच्या मागे ही सगळी पूर्वपीठिका आहे.

कॉफमन इंग्लंडमार्गे कॅनडाला गेले, विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले आणि 1957 पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले. उत्तर भारतीय रागांवरचा त्यांचा ग्रंथ 1968 मध्ये आणि दक्षिणेतल्या रागांवरचा 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईत सुरू झालेल्या श्रवणाचे हे फळ. 1984 मध्ये ते वारले. त्यांच्या रचनांची हस्तलिखिते विद्यापीठाच्या संग्रहात पडून होती. 2020 मध्ये कॅनडातल्या ‘एआरसी आँसाम्ब्ल’ या संचाने त्यांच्या कक्षसंगीताची ध्वनिमुद्रिका काढली. मी ती ऐकली. व्हायोलिन आणि चेलोचे बोलणे चालले असताना मध्येच एखादी ओळखीची सुरावट डोकावते, आणि हे संगीत समुद्राकाठच्या कुठल्या शहरात घडले ते कुणी सांगावे लागत नाही.

हे सगळे स्मरणिकेत लिहिण्याला कारण आहे. मोठी सभागृहे, सरकारी अनुदान, प्रायोजक यांपैकी काही नसताना तीन माणसे ठरल्या वारी ठरल्या वेळी जमत राहिली, आणि त्यातून एका शहराचा कान बदलला. मेळाव्यासाठी आपण तीनशे-चारशे जण एकत्र येऊ, फोटो काढू, जेवू, आणि पुन्हा पाच वर्षांसाठी पांगू. आपल्यात गाणारे आहेत, तबला आणि पेटी वाजवणारे आहेत, एकजण तर निवृत्तीनंतर चेलो शिकतो आहे. शाळेचे सभागृह शनिवारी संध्याकाळी कुलूपबंद असते.

माजी विद्यार्थी संघाने महिन्यातला एक शनिवार मागून घ्यावा. तिकीट नको, हारतुरे नकोत, ध्वनिवर्धकही नको. एक पाहुणा कलाकार, एक आपल्यातला आणि पुढच्या सतरंजीवर आजचे विद्यार्थी. पहिल्या बैठकीला दहाच जण आले तरी दुसरीची तारीख त्याच संध्याकाळी जाहीर करावी. सतरंज्या घालायला मी येईन.