मुभा आणि आडोसा

ज्या विषयाचा ऊहापोह करताना आमच्या प्राचीन सूत्रकारांना तिळमात्र संकोच वाटला नाही, त्याच विषयावर आज वाङ्मयीन मासिकात लिहू गेल्यास काही वाचक नाकाला पदर लावतील, हे आम्ही जाणून आहो. तरीही लेखणी उचलली आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला रस्त्यात, स्टेशनात किंवा देवळाच्या पायरीशी शी लागली म्हणजे काय करावे, कोणी करावे, आणि भोवतालच्या चारचौघांनी आपले डोळे कोठे ठेवावेत, हा प्रश्न प्रत्येक आईने आपल्यापुरता सोडविलेला असतो. इतिहासकाराने मात्र त्याची दखल क्वचितच घेतली आहे. राजांच्या स्वाऱ्या मोजणारा इतिहास त्या स्वाऱ्यांमागून चाललेल्या लेकुरवाळ्यांनी वाटेत काय केले, हे सांगत नाही.

मोठ्या माणसासाठी शास्त्राने घालून दिलेले नियम बरेच कडक आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात रस्ता, राख, गोठा, नांगरलेली जमीन, पाणी, पडके देऊळ, वारूळ, नदीचा काठ ही सारी स्थळे वर्ज्य सांगितली आहेत. चालता चालता नको, उभ्याने नको. जमिनीवर काटक्या, पाने वा गवत पसरावे, अंग व मस्तक झाकून घ्यावे, मौन पाळावे. दिवसा उत्तरेकडे आणि रात्री दक्षिणेकडे तोंड करावे. यात स्वच्छतेचा भाग किती आणि विधीचा किती, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते हे की, या नियमांच्या मुळाशी आडोशाची कल्पना आहे. भिंतीचा आडोसा नसला तर वस्त्राचा आहे. वस्त्र पुरेसे नसले तर निदान मौनाचा तरी आहे.

मुलाला हा आडोसा नाही. त्याऐवजी त्याला मुभा आहे. गौतम धर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभच या मुभेने होतो. उपनयनापूर्वी मुलाने वाटेल तसे वागावे, बोलावे, खावे. मलमूत्राचा उत्सर्गही सोय पडेल तसा करावा, असे सूत्रकार स्वच्छ सांगतो. त्याला आचमनाचा विधी नाही. पुसणे, धुणे, वर पाणी शिंपडणे एवढ्याने त्याची शुद्धी होते, आणि त्याच्या स्पर्शाने दुसऱ्याला विटाळ होत नाही. ज्या समाजाने पुढे माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला, त्याच समाजाच्या एका अतिप्राचीन ग्रंथात ओल्या लंगोटातल्या पोराला इतकी मोकळीक असावी, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते. अर्थात सूत्रकाराच्या डोळ्यांपुढे मुंज व्हावयाचा मुलगा आहे, हे विसरून चालणार नाही. ज्यांच्या घरी मुंज नाही त्यांच्या पोरांविषयी, आणि मुलींविषयी, तो येथे काही बोलत नाही.

घरातली गोष्ट झाली. रस्त्याचे काय? त्याचे उत्तर मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सापडते. आपत्ती नसताना जो राजमार्गावर घाण करील त्याने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण लगेच काढावी. परंतु अडचणीत सापडलेला मनुष्य, वृद्ध, गर्भिणी आणि बालक यांना दंड नाही. त्यांना केवळ शब्दाने समज द्यावी आणि जागा स्वच्छ व्हावी. कौटिल्याचा नागरक दंडाच्या बाबतीत अधिक हिशेबी आहे. पुण्यस्थान, जलाशय, देवालय आणि राजाची मालमत्ता येथे मलोत्सर्ग करणाऱ्यास एक पणापासून चढता दंड. मूत्राला त्याच्या निम्मा. मात्र औषध, व्याधी किंवा भय यांमुळे ते घडले असेल तर त्याचाही दंड माफ. करड्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या या अर्थशास्त्रकाराला घाबरलेल्या माणसाचे पोट कळत होते!

मनूच्या या दोन श्लोकांत एक बारकावा आहे. पहिल्यात घाण करणाऱ्यानेच ती काढावी, असे स्पष्ट म्हटले आहे. दुसऱ्यात ती जागा शुद्ध केली जावी, एवढेच आहे. रचना कर्मणी आहे. कर्ता गळला आहे. बालक तर स्वतः झाडू हाती घेणार नाही. मग ती जागा शुद्ध कोणी करावयाची? श्लोकाने मोकळी सोडलेली ती कर्त्याची जागा समाजाने आपल्या पद्धतीने भरली. घरात तेथे आई आली, आणि घराबाहेर एका जातीच्या माणसांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या झाडू आणि डोक्यावर पाटी आली. ज्या ग्रंथात बालकाविषयी ही माया आहे तोच ग्रंथ डॉ. आंबेडकरांना 25 डिसेंबर 1927 रोजी महाडास अग्नीच्या स्वाधीन का करावा लागला, हे ज्यास समजून घ्यावयाचे असेल त्याने या गळलेल्या कर्त्याचाही विचार करावा. कोकणात अप्पा पटवर्धनांनी भंगीमुक्तीसाठी स्वतः मैला उचलला आणि गोपुरीला संडासाचे प्रयोग केले, ते हीच रिकामी जागा निराळ्या रीतीने भरण्यासाठी.

जुन्या घरांत मुलाची ही मुभा निभावून जात असे, याचे कारण घराच्या रचनेत होते. ‘परसाकडे जाणे’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोगच त्या रचनेची साक्ष देतो. मागे परस, परसात केळीचे आळे, विहिरीचे पाणी, आणि चुलीतली राख. पाय पसरून बसलेली आई तान्ह्याला आपल्या दोन्ही पायांवर बसवी, तोंडाने शूऽऽ असा बारीक आवाज करी, आणि मूल त्या आवाजाशी शरीराची क्रिया हळूहळू जोडून घेई. यात शिक्षणाचा बडेजाव नव्हता, शरमेचाही नव्हता. कमरेला करदोटा आणि अंगभर ऊन, एवढ्या वस्त्रांवर पोर अंगणात हिंडे. पाहणाऱ्यांची नजर घरातली होती. म्हणून वेगळा आडोसा नाही हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची ती नजर हाच त्याचा आडोसा होता, असेही म्हणता येईल.

नगर वाढले, आणि परस गेले. चाळीत ते मजल्याच्या टोकाशी ओळीने उभ्या असलेल्या चार संडासांपुरते उरले; तेथे मोठ्यांचीच रांग. गल्लीच्या कडेची गटारे मुलांच्या वाट्याला आली. मुभा तशीच राहिली, तिला पोसणारी जागा मात्र नाहीशी झाली. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने 82 व्या कलमात सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे, असे ठरविले. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्यायसंहितेच्या 20 व्या कलमात तेच शब्दशः कायम आहे. मनूच्या बालकाला समज तरी मिळत होती; नव्या कायद्याने त्याला अपराधाच्या कक्षेबाहेरच काढले. दोन हजार वर्षांच्या अंतरावरचे हे दोन कायदे अपराध माफ करण्यात एकमताचे आहेत. मुलाने बसावे कोठे, याविषयी दोघेही मूक.

आम्हां महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना या मौनाची ओळख आगगाडीने करून दिली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली गाडी थोडाच पल्ला गाठून थांबली; परंतु पुढे रूळ देशभर पसरले, नोकरीधंद्यासाठी मराठी कुटुंबे दूरदूर जाऊन राहिली, आणि उन्हाळ्यात मुलखाला जाण्याचा प्रवास दीड-दोन दिवसांचा झाला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांची अवस्था गांधीजींनी 25 सप्टेंबर 1917 रोजी रांचीहून लिहिलेल्या लेखात नमूद केली आहे. मुंबई ते मद्रास या प्रवासात संडास एकदाही धुतला गेला नाही आणि टाकीत पाणी नव्हते. अशा डब्यात दोन वर्षांचे मूल घेऊन बसलेल्या बाईने काय करावे? तिने ते भोक, खाली धडधडणारे रूळ आणि वाऱ्याचा झोत यांपुढे मुलाला बसविले, तर ते भेदरून आक्रोश करी. म्हणून बाकाखाली वर्तमानपत्राचा कागद पसरला जाई, जवळची बाई आपल्या लुगड्याचा पदर आडवा धरी, आणि समोरचे गृहस्थ खिडकीतून बाहेरच्या शेतांकडे अत्यंत लक्षपूर्वक पाहू लागत. हे पाहणे म्हणजेच आमच्या मते सार्वजनिक ठिकाणच्या सभ्यतेचा एक अलिखित नियम होय. पदर ज्या बाईने धरला ती कोणत्या जातीची वा भाषेची, हे त्या घटकेला कोणी विचारत नसे. नंतर विचारत.

पाश्चात्त्यांनी या प्रश्नाला शिक्षणाच्या बाजूने हात घातला. अथेन्सच्या अगोऱ्यात मुलाला बसविण्याची मातीची एक बैठक सापडली आहे. ती ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली आहे. त्यावरून या उद्योगाचे प्राचीनत्व कळते. अमेरिकन सरकारच्या बालकविभागाने 1914 मध्ये मातांसाठी काढलेल्या पुस्तिकेत तर काही महिन्यांच्या तान्ह्यालाच घड्याळाच्या शिस्तीत बसविण्याचा उपदेश होता. डॉ. ब्राझेल्टन यांनी 1962 साली 1,170 मुलांच्या नोंदींवरून उलट निष्कर्ष मांडला: मूल स्वतः तयार होईपर्यंत थांबावे, आग्रह धरू नये. त्याच सुमारास कागदी लंगोट बाजारात आले आणि थांबणे सोपे झाले. आता ते लंगोट आमच्याही शहरांत घरोघर दिसतात. त्यांनी आईची सोय केली यात शंका नाही. मात्र वापरलेला लंगोट कागदात न गुंडाळता कचऱ्यात टाकणाऱ्या सुशिक्षित घराने त्या जुन्या गळलेल्या कर्त्यालाच पुन्हा कामाला लावले आहे.

आमच्याकडे मुलाच्या शरीराला मान देण्याचा विचार बालशिक्षणाच्या चळवळीने रुजविला. गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. तेथे 1923 साली ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. महाराष्ट्राबाहेर जाऊन एका मराठी बाईने केलेल्या कार्यांत याचे स्थान फार वरचे आहे. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीस बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत शाळाच मुलांच्या अंगणात नेली. हात धुणे, नाक पुसणे, आपले कपडे आपण सोडणे व घालणे हाही तेथे शिक्षणाचाच भाग होता. मूल लहान असले तरी त्याचे शरीर त्याचे आहे, ही दृष्टी त्यात होती. तीनचार वर्षांचे मूल एके दिवशी आपण होऊन ‘दार लाव’ म्हणते. त्याला कोणी हसू नये. ज्या मुलाची लाज चारचौघांत थट्टेचा विषय होते ते पुढे शाळेत तासन्‌तास लघवी दाबून बसते. तशा अवस्थेतील मुलाचे छायाचित्र काढून आप्तेष्टांत हसण्यासाठी फिरविणे हाही त्यातलाच प्रकार. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. वयाची किमान मर्यादा त्याला घातल्याचे आमच्या वाचनात नाही.

मुभेची दुसरी बाजू 25 सप्टेंबर 2019 रोजी दिसली. मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातील भावखेडी गावी सकाळी उघड्यावर शौचास गेलेल्या दोन दलित मुलांना काठ्यांनी मारून ठार करण्यात आले. त्यांची वये दहा-बारा वर्षांच्या आसपास. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त होते. त्या मुलांच्या घरी संडास नव्हता. ज्या अपराधाला मनूने बालकास केवळ समज सांगितली होती त्याची ही शिक्षा! बालक या शब्दात कोणाची मुले मोजली जात होती आणि कोणाची नव्हती, याचा निराळा पुरावा इतिहासकाराने आणखी कोठे शोधावा?

याच्या उलट एक उदाहरण पुण्याचे आहे. 1999 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील महापालिकेने झोपडवस्त्यांत शेकडो सार्वजनिक शौचालये बांधविली. त्यांतील अनेकांच्या आखणीत आणि बांधकामात ‘महिला मिलन’च्या, त्याच वस्त्यांत राहणाऱ्या बायकांचा हात होता. रांगेत मोठी माणसे मुलांना मागे ढकलतात, आतला अंधार आणि मोठे भोक पाहून मुले भितात, म्हणून ती दाराबाहेर गटारावर बसतात, हे त्यांना कोणा तज्ज्ञाने सांगावे लागले नाही. त्यांनी मुलांसाठी वेगळी जागा मागून घेतली. तेथे भोक लहान केले, आणि बसताना तोल जाऊ नये म्हणून मुलाच्या हाताला पुरेल अशा उंचीवर धरावयास दांडा बसविला.