डेव्हिड रॉबर्ट्‌सची वास्तुचित्रे : एक ऐतिहासिक साधन

वास्तूंच्या इतिहासाची साधने म्हणजे शिलालेख, कागदपत्रे व प्रत्यक्ष अवशेष, असे सामान्यतः मानले जाते. छायाचित्रणाचा प्रसार होण्यापूर्वीच्या चित्रांना यांत कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न डेव्हिड रॉबर्ट्‌स या स्कॉटिश चित्रकाराच्या कार्यावरून विशेषत्वाने उपस्थित होतो.

रॉबर्ट्‌सचा जन्म १७९६ साली एडिंबरोलगतच्या स्टॉकब्रिज येथे, पादत्राणे करणाऱ्या एका गरीब कारागिराच्या घरी झाला. घरे रंगविणाऱ्याच्या हाताखाली सात वर्षे उमेदवारी केल्यावर तो नाटकगृहांचे पडदे रंगवू लागला. १८३२-३३ मध्ये स्पेनचा व १८३८-३९ मध्ये ईजिप्त, सिनाई, पॅलेस्टाइन व लेबानन यांचा त्याने प्रवास केला. त्या रेखाटनांवरून लुई हाग याने केलेली शिळाछापाची चित्रे १८४२ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाली. १८४१ साली तो रॉयल अकॅडमीचा सभासद झाला व १८६४ साली मरण पावला.

या चित्रांचे साधनमूल्य फिली येथील मंदिरावरून ध्यानी येते. रॉबर्ट्‌सने १८३८ साली तेथील मंडपाच्या स्तंभशीर्षांवर रंग पाहिले व चितारले. १९०२ साली आस्वानचे धरण पूर्ण झाल्यावर मंदिर दरवर्षी बराच काळ पाण्यात राहू लागले आणि ते रंग धुऊन गेले. पुढे १९८० पर्यंत मंदिरच अगिल्किया बेटावर हलविण्यात आले. रंग गेले, मूळ स्थळही गेले. साक्ष उरली ती चित्रांची.

तथापि ही साक्ष जशीच्या तशी ग्राह्य धरता येत नाही. रॉबर्ट्‌सची दृष्टी रंगभूमीवर घडलेली होती. स्पेनमधील वास्तू त्याने प्रत्यक्षाहून उंच व सडपातळ दाखविल्या आहेत. शिवाय स्थळावरील रेखाटन, मायदेशी परतल्यावर पूर्ण केलेले चित्र आणि हागचा शिळाछाप हे तीन निरनिराळे टप्पे होत. शिळाछापाच्या काही प्रती तर मागाहून हाताने रंगविलेल्या असत. म्हणून रंगाविषयीचे विधान केवळ छापील प्रतीवर आधारणे धोक्याचे आहे. फिलीच्या बाबतीत नेपोलियनच्या मोहिमेतील फ्रेंच विद्वानांनी प्रसिद्ध केलेले त्याच मंडपाचे रंगीत चित्र उपलब्ध असल्याने पडताळा घेता येतो.

सारांश, बखरीला जी कसोटी लावावयाची तीच चित्रालाही लावली पाहिजे. तिला जे उतरेल, ते नष्ट वास्तूच्या बाबतीत शिलालेखाइतकेच मोलाचे होय.