किंगरी आणि वही

गडचिरोलीहून पूर्वेकडे निघालेली सडक धानोऱ्याचा बाजार मागे टाकून मुरूमगावच्या अंगाने सागाच्या आणि बांबूच्या रानात शिरते, आणि या मुलखातील मुरूमगाव, रांगी, दुधमाळा, खुटगाव ही आज साधी खेडी वाटणारी गावे जुन्या चांदा जिल्ह्याच्या दप्तरात जमीनदाऱ्यांची नावे म्हणून येतात. जमीनदार सरकारास टाकोळी किती भरी, रानाचा हक्क कोणाकडे, पडीक किती आणि वहितीत किती, हे सारे त्या दप्तरास ठाऊक होते; परंतु ज्या गोंडी भाषेत येथली गोंड माणसे लेकराला निजवीत आणि आपल्या देवाला, पेनाला, साकडे घालीत, तिची नोंद घेण्याचे प्रयोजन कोणत्याही कारकुनास कधी भासले नाही.

नोंद मुळीच नव्हती असे मात्र नव्हे. गोंडवनात ती गोंडांच्या भाटाच्या, परधानाच्या, किंगरीत होती. तीन तारांचे, कमानीने वाजवावयाचे हे वाद्य घेऊन परधान आपल्या यजमान गोंडाच्या दारी येई, तारा जुळवी, आणि त्या घराचे कूळ कोणते, देव चार की पाच, सहा की सात, पूर्वज कोणत्या गडावरून उतरले, कोंडलेल्या कोईतुरांना, म्हणजे गोंडांना, आदिगुरू लिंगोने डोंगराच्या पोटातून कसे बाहेर काढले, हे सर्व रात्र चढेपर्यंत गाऊन दाखवी. त्याबद्दल त्यास धान्य मिळे, वस्त्र मिळे, क्वचित जनावरही मिळे. यातली मौज अशी की आदिलाबादकडील परधानांच्या घरात बोली मराठी असे आणि यजमानाची परंपरा ते गोंडीत गात. म्हणजे एका समाजाचे बखरनवीस दुसऱ्या भाषेत घर करून राहिले होते, आणि आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी त्यांची दखल घेतल्याचे मला आढळलेले नाही.

ही तोंडची बखर प्रथम कागदावर उतरविणारा गृहस्थ परका होता. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरास आला, धर्मप्रसाराबरोबर दगड, जीवाश्म आणि जमाती यांचाही त्याने छंद घेतला, आणि एका परधानाच्या मुखातून लिंगोचे गीत त्याने मूळ गोंडीत उतरवून घेतले. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात तो बुडाला. त्याचे कागद तसेच राहिले असते. परंतु मध्यप्रांताचे तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून 1866 साली छापविले, आणि गोंडी गीत रोमन अक्षरांत, इंग्रजी भाषांतरासह, प्रथम ग्रंथबद्ध झाले. ज्याने ते गायले त्यास ते पुस्तक वाचता येणार नव्हते, आणि ज्यांना वाचता येत होते त्यांनी किंगरी बहुधा कधी ऐकलेली नव्हती.

पुढची पुस्तकेही बहुतांशी याच जातीची. 1869 च्या जमाबंदीवरील लूसी स्मिथचा चांदा जिल्ह्याचा अहवाल, 1906 मधील ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा चौथा खंड, 1916 चे रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड, आणि मधूनमधून निघालेली व्याकरणे हा सारा व्याप मुख्यतः साहेबाच्या सोयीसाठी होता. तरीही त्यांच्याविषयी कृतघ्न होऊ नये. गोंडीत लिंगे दोनच, एक पुरुषांचे आणि दुसरे उरलेल्या सर्वांचे, ज्यात बाईही येते, झाडही येते आणि बैलही येतो, ही चमत्कारिक गोष्ट आपल्यासारख्या बाहेरच्या वाचकास या व्याकरणांनीच सांगितली. निजामाच्या राज्यात, आदिलाबादेतील मारलवाई येथे, मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फच्या पुढाकाराने 1943 पासून गोंड शिक्षकांची तयारी सुरू झाली आणि देवनागरीत गोंडी वाचनपाठ निघाले. याच जिल्ह्यात अंमलदार असलेल्या सेतुमाधवराव पगडींनी गोंडी आत्मसात करून गोंडांवर पुस्तक लिहिले. मराठी इतिहासकारांत असे श्रम करणारे विरळाच. समाजाच्या स्वतःच्या हातची लेखणीही निपजली होती: बालाघाटकडच्या मंगलसिंग मसराम यांनी 1918 साली गोंडीसाठी लिपी रचली, आणि पुढे व्यंकटेश आत्राम यांनी मराठीत, तर मोतीरावण कंगाली यांनी हिंदीत गोंडी संस्कृतीवर ग्रंथ सिद्ध केले.

समाजाने स्वतः लेखणी धरण्याच्या या गोष्टीवरून हवाई बेटांची आठवण होते. तेथे मिशनऱ्यांनी 1822 साली हवाईयन भाषेतील पहिले पान छापले, आणि काही वर्षांतच बेटांतील लोक स्वतः लिहू लागले. डेव्हिड मालो, सॅम्युएल कमाकाऊ यांनी आपल्या राजांचा आणि चालीरीतींचा इतिहास स्वभाषेत लिहिला, वर्तमानपत्रांचा तर पूर लोटला. पुढे 1896 च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले, घरातून भाषा हटत गेली, आणि 1984 साली जेव्हा मुलांच्या शाळा स्वभाषेत पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा शब्द आणि कथा शोधण्यास लोक या जुन्या छापील पानांकडेच वळले. आपल्याकडे चित्र नेमके उलटे आहे. पुस्तके थोडी, तीही बहुतांशी परक्या हातची, आणि 2011 च्या गणनेत गोंडी बोलणारे सुमारे 29 लाख 84 हजार. बेटांवर कोठार भरलेले होते आणि घर रिते झाले. येथे घर नांदते आहे, कोठाराची मात्र वानवा. घर नांदते म्हणून कोठाराचे निकडीचे नाही, असे समजणाऱ्यांची संख्या आपल्यात मोठी आहे, हेच मला भयावह वाटते.

धानोरा तालुक्यात मात्र कागदाशी असलेले नाते वेगळ्याच वाटेने बदलले. रान कोणी किती वापरावे याची रूढी निस्तारपत्रकात सरकारी हस्ताक्षराने उतरत आली होती. धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने आपले असेच कागद स्वतः वाचण्याचा अभ्यासगट चालविला, 2009 साली सामूहिक वनहक्क मिळविला, आणि 27 एप्रिल 2011 रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती आले. ‘मावा नाटे माटे सरकार’, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. ‘नार’ म्हणजे गाव, त्याचेच ‘नाटे’, म्हणजे गावात. बरो आणि भट्टाचार्य यांनी 1960 साली गोंडीच्या बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा अशा शब्दांची रूपे विद्वानांसाठी जुळवून ठेवली गेली. मेंढ्यात त्याच शब्दाने ग्रामसभा भरते.

याच तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली आपली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिचे नाव ‘पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल’. पाच शब्दांपैकी तीन संस्कृताकडून आलेले. ‘कोया’ आणि ‘गोटुल’ हे दोन घरचे.