पाऊस आपल्या दारात, पाणी कुवेतच्या नळात

मंडळी, आपल्या खाडीपट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस गल्फला आहे. त्यामुळे "तिकडे काय सुख, आणि इकडे काय ठेवलंय?" हे वाक्य आपल्याला नवीन नाही. दोन देशांच्या राहणीमानाची तुलना आपण कशावर करतो? पगार, गाडी, एसी. मी आज ती एकाच गोष्टीवर करून बघतो. पाण्यावर. कारण पाण्याच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला श्रीमंत ठेवलं आणि कुवेतला भिकारी.

आपल्या महाड-पोलादपूरला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुवेतला जेमतेम १००-१२०. तिथे बारमाही नदी एकसुद्धा नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला उगम पावून सावित्री थेट दारात येते. तरी एप्रिल-मे महिन्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर टँकर चढतो आणि कुवेतमध्ये नळ बाराही महिने चालू असतो. हे कसं झालं, ते इतिहासात बघू.

शंभर वर्षांपूर्वीचं कुवेत म्हणजे मोती काढणाऱ्यांचं आणि गलबतं हाकणाऱ्यांचं गाव. पिण्याचं पाणी कुठलं? इराकच्या बाजूच्या शत-अल-अरबमधून गलबतांत भरून आणायचं. मग कातडी पखालींत घालून गाढवांवरून घरोघर विकायचं. तिथल्या मोत्यांची बाजारपेठ होती मुंबई. तांदूळ, कापड, गलबताचं लाकूड हिंदुस्थानातून जायचं. १९६१ पर्यंत तिथे रुपयाच चालत होता. शेवटची दोनेक वर्षं आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळी नोट काढली होती. त्या काळी कुणी तुलना केली असती, तर उसासा तिकडच्या माणसाने टाकला असता.

१९३८ मध्ये बुर्गानला तेल लागलं. १९४६ मध्ये पहिलं तेल जहाजातून बाहेर गेलं. पैसा आला, आणि १९५३ मध्ये शुवेखला समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना सुरू झाला. म्हणजे तेल बाहेर जायला लागल्यावर सात वर्षांत त्यांनी पाण्याला हात घातला. पुढे पाणी साठवायला उंच टाक्यांची रांगच उभी केली. ज्या कुवेत टॉवर्ससमोर आपली पोरं फोटो काढून पाठवतात ना, त्यातसुद्धा पाण्याची टाकी आहे!

आता लगेच कुणी म्हणेल, त्यांच्याकडे तेल आहे हो, आपल्याकडे काय? बरोबर आहे. समुद्राचं पाणी उकळून गोडं करणं आपल्याला परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. पण साठवण? ती तर आपलीच विद्या आहे. रायगड किल्ला आपल्याच तालुक्यात आहे. एवढ्या उंच कातळावर राजधानी वसवली, ती गंगासागर, कुशावर्त असे तलाव आणि खडकात खोदलेली टाकी यांच्या जोरावर. पावसाचं पाणी अडवलं, म्हणून १६७४ चा राज्याभिषेक तिथे होऊ शकला. साडेतीनशे वर्षांपूर्वी जे गडावर जमलं, ते आज गडाखालच्या वाडीत का जमत नाही?

साधा हिशेब करा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साडेपाचशे चौरस फुटांच्या छपरावर वर्षाला दीड लाख लिटर पडतं. सांडलं-गळलं ते वजा केलं तरी लाखाच्या वर उरतं. जल जीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांचं घर धरलं तर उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना लागतात साडेसत्तावीस हजार लिटर. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट खोल एक टाकी. बस्स. एका घराला हे जड जाईल, पण वाडीने मिळून आणि सरकारी पैशातून अजिबात अशक्य नाही. आपण मात्र दरवर्षी टँकरवर खर्च करतो आणि पुढच्या वर्षी परत तेच.

आता नाण्याची दुसरी बाजू. कुवेतच्या लोकसंख्येत तिथले नागरिक एक तृतीयांशाच्या आसपास. बाकी सगळे बाहेरचे, त्यात दहा लाखांच्या घरात आपले भारतीय. आयुष्य तिथे घालवलं तरी नागरिकत्व मिळत नाही. व्हिसा मालकाच्या हातात. १२ जून २०२४ ला मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली, सुमारे ५० जण गेले, त्यात ४५ भारतीय. नळाला पाणी असलेल्या देशातच ही माणसं दाटीवाटीने राहत होती. तेव्हा तिकडचं राहणीमान म्हणताना कुणाचं राहणीमान, हेही विचारायला हवं.

आणि हा प्रश्न जगाला शिकवलाय आपल्या महाडने. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर! प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन ओंजळभर पाणी प्यावं, तेव्हा तो हक्क बजावला गेला. त्यावर कोर्टकज्जे झाले आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. तळं भरलेलं होतं, हक्क नव्हता.

म्हणजे बघा. १९२७ च्या महाडात पाणी होतं, हक्क नव्हता. आजच्या कुवेतात आपल्या माणसाला पाणी आहे, हक्क नाही. आणि आजच्या पोलादपूरच्या वाडीत हक्क आहे, मत आहे, ग्रामसभा आहे, पण मे महिन्यात पाणी नाही. या तिघांत सर्वात सोपं दुखणं आपलं आहे. कारण हक्क मिळवायला दहा वर्षं कोर्टात लढावं लागलं. पाणी साठवायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त हिशेब मागावा लागतो.

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. २०२४ पर्यंत घरोघरी नळ, असं तेव्हा सांगितलं. आता मुदत २०२८ वर गेली आहे. नळ बसला म्हणजे काम संपलं असं नाही. ज्या विहिरीवर तो नळ आहे ती मार्चनंतर टिकते का, हा खरा प्रश्न. पुढच्या ग्रामसभेला फक्त तीन गोष्टी विचारा: आपल्या योजनेचा उद्भव कोणता? तो कुठल्या महिन्यापर्यंत पुरतो? आणि गेल्या पाच वर्षांत टँकरवर किती खर्च झाला? उत्तर लेखी घ्या.

गल्फला गेलेल्या आपल्या माणसाने घर बांधलं, पोरं शिकवली. त्याच्या डोक्यावर देशाची तुलना नको. पण म्हाताऱ्या आईच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचं काम त्याच्या पैशाचं नाही, ते आपल्या ग्रामपंचायतीचं आहे आणि आपलं आहे.

तुमच्या वाडीत टँकर कुठल्या महिन्यात सुरू होतो, तेवढं लिहा. यादी करू आणि ती घेऊन पंचायत समितीत जाऊ.